शनिवारच्या दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपटांचा इतिहास बहुधा दिग्दर्शक, निर्मितीसंस्था आणि गल्ल्याचे आकडे यांच्या आधाराने लिहिला जातो. अंधारात बसलेल्या माणसांना पडद्यावरचे पाहताना काय वाटले याची नोंद क्वचितच राहते, आणि राहिली तरी ती एखाद्या परीक्षणात किंवा जाहिरातीच्या कागदात विखुरलेली असते. जॉर्ज ए. रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८ सालचा अमेरिकी भयपट या बाबतीत अभ्यासकाला विशेष मोलाचा आहे. सुमारे १,१४,००० डॉलर एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर, हॉलिवूडच्या कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना, पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात तयार झालेला हा कृष्णधवल चित्रपट पहिल्या तीनच वर्षांत परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या प्रेक्षकवर्गांपुढे गेला, आणि प्रत्येक वर्गाने त्यात वेगळी भीती पाहिली. ही भिन्नता समजण्यासाठी चित्रपटाबरोबरच तो कोणत्या वेळी, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या रिवाजानुसार पाहिला गेला हेही तपासावे लागते.

चित्रपटाच्या निर्मितीची हकिकत थोडक्यात अशी. रोमेरो शिक्षणासाठी पिट्सबर्गला आले आणि तेथेच राहिले. मित्रांसह त्यांनी ‘लेटंट इमेज’ नावाची छोटी कंपनी काढली, जी प्रामुख्याने जाहिरातपट तयार करीत असे. जाहिरातींच्या कामाला कंटाळलेल्या या मंडळींनी पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा ‘इमेज टेन’ या नावाखाली दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून सुरुवात केली, आणि पुढे लागेल तसा पैसा ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवला. १९६७ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत इव्हान्स सिटी या गावाच्या दफनभूमीत आणि पाडायला काढलेल्या एका शेतघरात चित्रीकरण चालले. गुंतवणूकदारच भूमिका करीत होते, त्यांतलेच कोणी रंगभूषा आणि ध्वनीचे काम सांभाळत होते, रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले जात होते, आणि पडद्यावरची प्रेते जे खाताना दिसतात ते मांस गुंतवणूकदारांपैकी एका खाटकाने पुरवले होते. गावातले रहिवासी आणि पोलीसही चित्रपटात दिसतात. ही काटकसर पुढे प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेत महत्त्वाची ठरली, कारण अनोळखी चेहरे, साधे कपडे आणि खरीखुरी घरे पाहताना प्रेक्षकाला आपण नटांचा खेळ पाहत आहोत हे सारखे आठवत राहत नाही.

१९६८ साली अमेरिकेत भयपट हा मुख्यतः मुलांचा आणि किशोरांचा करमणुकीचा प्रकार समजला जात असे, आणि त्यामागे दहा वर्षांची घडण होती. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आदी जुने भयपट दूरचित्रवाणी केंद्रांना एकगठ्ठा विकले गेले, आणि गावोगावच्या केंद्रांनी ते शनिवारी रात्री एखाद्या विनोदी सूत्रधाराच्या तोंडून सादर करण्यास सुरुवात केली. पिट्सबर्गच्या ‘चिलर थिएटर’ या कार्यक्रमाचे असे सूत्रधार बिल कार्डिल हे होते, आणि ते रोमेरोंच्या चित्रपटात वार्ताहराच्या भूमिकेत स्वतःच अवतरतात. म्हणजे पिट्सबर्गच्या प्रेक्षकाला ज्या माणसाने वर्षानुवर्षे भुतांची ओळख हसतखेळत करून दिली होती, तोच आता गंभीर चेहऱ्याने प्रेते माणसे खात असल्याची बातमी मिळवत होता. दुसरीकडे, दूरचित्रवाणीमुळे मोठ्यांचा प्रेक्षकवर्ग घटल्याने वस्तीतली छोटी थिएटरे शनिवारच्या दुपारच्या खेळांवर, म्हणजे मुलांच्या मॅटिनीवर, बरीच अवलंबून होती. आईवडील मुलांना दारात सोडत, मुले दोन चित्रपट, कार्टून आणि खाऊ यांत दुपार घालवत, आणि संध्याकाळी कोणीतरी त्यांना घेऊन जाई.

या मॅटिनीत ओरडणे हा शिष्टाचारच होता. निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी तर त्या ओरडण्याचा व्यवसाय केला : ‘मकाब्र’ (१९५८) पाहताना भीतीने मृत्यू आल्यास १,००० डॉलरचा विमा त्यांनी प्रेक्षकांना देऊ केला, ‘हाउस ऑन हाँटेड हिल’ (१९५९) च्या वेळी प्रेक्षकांच्या डोक्यावरून सांगाडा सरकवला, आणि ‘द टिंगलर’ (१९५९) साठी काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली. या क्लृप्त्यांमागे प्रेक्षक आणि थिएटर यांच्यातला एक अलिखित करार होता, की घाबरवले जाईल ते गमतीने, राक्षस शेवटी मरेल, नायक वाचेल, आणि दिवे लागल्यावर सर्व जण हसत बाहेर पडतील. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची जाहिरातही याच परंपरेत बसवली गेली. चित्रपट पाहून भीतीने मरण आल्यास ५०,००० डॉलरच्या विम्याचे संरक्षण आहे, असे तिच्यात छापलेले होते. जाहिरातीने मुलांना ओळखीच्याच खेळाला बोलावले, आणि पडद्यावर मात्र अगदी वेगळे काही वाट पाहत होते.

कथा साधी आहे. भाऊ-बहीण वडिलांच्या थडग्यावर फुले वाहायला येतात, एक मृत माणूस उठून भावाला ठार करतो, आणि बहीण बार्बरा एका शेतघरात आश्रय घेते, जिथे बेन नावाचा तरुण आणि आणखी काही जण येऊन पोहोचतात. बाहेर उठलेली प्रेते जिवंतांचे मांस खात आहेत, आणि आत माणसे तळघरात लपावे की वर राहून लढावे यावरून भांडत आहेत. सुटकेचा प्रयत्न करणारे तरुण जोडपे गाडीच्या स्फोटात जळते आणि प्रेते त्यांची आतडी खातात. लहान मुलगी मरून उठते, बापाचे मांस खाते आणि आईला थापीने भोसकून मारते. बहिणीला खेचून नेणाऱ्या गर्दीत तिचा मेलेला भाऊच असतो. रात्रभर तग धरलेला एकटा बेन सकाळी मदतपथक आल्याचे ऐकून खिडकीशी येतो, तेव्हा त्याला प्रेत समजून गोळी घातली जाते, आणि त्याचे शरीर आकड्यांनी ओढून चितेवर टाकल्याची स्थिर छायाचित्रे श्रेयनामावलीबरोबर येत राहतात. वितरणासाठी विचारणा झाली तेव्हा अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीने शेवट सुखद करण्याची अट घातली होती आणि निर्मात्यांनी ती नाकारली होती. पुढे प्रेक्षकांच्या बाबतीत जे घडले ते बरेचसे त्या नकारातून घडले.

पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात १ ऑक्टोबर १९६८ रोजी पहिला खेळ झाला. त्यानंतर वॉल्टर रीड ऑर्गनायझेशन या वितरकाने चित्रपट वस्त्यांतल्या थिएटरांत लावला, आणि तेथील मुलांच्या प्रतिक्रियेची जी साक्ष उपलब्ध आहे ती चित्रपटविषयक लेखनात फार थोड्या ठिकाणी सापडेल अशी आहे. ‘शिकागो सन-टाइम्स’चे तरुण समीक्षक रॉजर इबर्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये एका दुपारच्या खेळाचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यात परीक्षणापेक्षा प्रेक्षागृहाकडेच अधिक लक्ष होते. प्रेक्षकांत बहुसंख्य लहान मुले होती आणि सुरुवातीला मॅटिनीच्या रिवाजाप्रमाणे आनंदाचा गलका चालू होता. पण जोडपे जळून मेले आणि प्रेते त्यांना खाऊ लागली तेव्हापासून गलका ओसरला, आणि चित्रपट संपेपर्यंत प्रेक्षागृहात जवळजवळ पूर्ण शांतता पसरली. मार्गिकेपलीकडच्या खुर्चीत बसलेली सुमारे नऊ वर्षांची एक मुलगी निश्चल बसून रडत होती, असे इबर्ट यांनी नोंदवले. मुलांना काय झाले ते त्यांनी फार नेमके सांगितले : पूर्वीच्या भयपटांत नायक वाचतो हे मुलांना ठाऊक होते, आणि येथे ज्यांच्यावर त्यांनी भरवसा टाकला ती सगळी माणसे एकामागून एक मारली गेली.

या लेखाचा उल्लेख पुढे अनेकदा चित्रपटाविरुद्धचा पुरावा म्हणून झाला, परंतु त्यात इबर्ट यांचा रोष मुख्यतः मोठ्यांवर होता. त्या काळी शिकागोत पोलिसांचे परिनिरीक्षण मंडळ होते, आणि नग्नता नसल्यामुळे त्या मंडळाने चित्रपट सोडला असावा असे त्यांनी सुचवले. मुलांना थिएटरच्या दारात सोडून जाणाऱ्या पालकांना आणि तिकिटे विकणाऱ्या थिएटरवाल्यांना त्यांनी जाब विचारला. हा जाब योग्य वेळी विचारला गेला होता. हॉलिवूडची जुनी निर्मितीसंहिता, म्हणजे चित्रपटात काय दाखवू नये याची उद्योगानेच घालून घेतलेली बंधने, १९६८ मध्ये मोडीत निघाली, आणि तिच्या जागी वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली. रोमेरोंचा चित्रपट त्याच्या बरोबर एक महिना आधी प्रदर्शित झाल्यामुळे जुने कुंपण काढलेले आणि नवे अजून न उभारलेले अशा मोकळ्या जागेतून तो मुलांपर्यंत पोहोचला. ‘रीडर्स डायजेस्ट’ने इबर्ट यांचा लेख १९६९ मध्ये पुनर्मुद्रित केल्यावर तो अमेरिकेतील घराघरांत वाचला गेला. त्याआधीच ‘व्हरायटी’ या व्यावसायिक नियतकालिकाने निर्माते, वितरक आणि थिएटरमालक यांच्या नैतिकतेवरच नव्हे, तर असला चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या मानसिक आरोग्यावरही शंका घेतली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र काही ओळींत त्याला क्षुल्लक ठरवून सोडून दिले.

येथे एक गोष्ट आवर्जून म्हटली पाहिजे. या तिन्ही प्रतिक्रियांत चित्रपटाचे सर्वांत खोल आकलन शिकागोतल्या त्या मुलांनाच झाले होते. ‘व्हरायटी’ला त्यात रक्त दिसले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला हौशी अभिनय दिसला, मुलांना मात्र हे कळले की वाचवणारे कोणी येत नाही, आणि आले तर तेच गोळी घालतात. पुढच्या दशकात विद्वानांनी या चित्रपटावर जे ग्रंथ आणि निबंध लिहिले, त्यांतला बराच भाग याच जाणिवेचा विस्तार आहे. तरीही मुलांना ती अशा रीतीने, कसलीही तयारी नसताना आणि शेजारी कोणी मोठे माणूस नसताना व्हावी याचे समर्थन कोणत्याही कलामूल्याने होत नाही, आणि इबर्ट यांचा राग आजही तेवढाच रास्त वाटतो.

दुसरा मोठा प्रेक्षकवर्ग शहरांच्या जुन्या भागांत होता. महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मध्यमवर्गीय गोरी कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत गेली, आणि शहरांतल्या थिएटरांना कृष्णवर्णीय प्रेक्षकांचा आधार उरला. या प्रेक्षकांसाठी हॉलिवूड फारसे काही निर्माण करीत नव्हते, म्हणून मारधाडपट आणि भयपट यांच्यावर ती थिएटरे चालत. अशा ठिकाणी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहणाऱ्याला पहिली गोष्ट जाणवली असणार ती म्हणजे बेनची भूमिका करणारे ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होते आणि चित्रपटात कोणीही त्याचा एका शब्दाने उल्लेख करीत नाही. १९६७ साली सिडनी पॉइटिए यांचे ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हे चित्रपट आले, त्यांत नायकाचा वर्ण हाच कथेचा विषय होता आणि नायकाला निष्कलंक राहावे लागत होते. बेन मात्र भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या स्त्रीला थोबाडीत मारतो, तळघरात दडू पाहणाऱ्या गोऱ्या माणसावर हुकूम चालवतो आणि शेवटी त्याला गोळी घालतो. पटकथेत हे पात्र कोणत्याही वर्णाचे म्हणून लिहिलेले नव्हते. निवड चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरले म्हणून त्यांना भूमिका मिळाली, असे रोमेरो सांगत, आणि रांगड्या ट्रकचालकाच्या तोंडी लिहिलेली भाषा जोन्स यांनी स्वतः बदलून त्या पात्राला संयमी, विचारी वळण दिले.

चित्रपटाची तयार प्रत घेऊन रोमेरो आणि निर्माते रसेल स्ट्राइनर वितरकाच्या शोधात गाडीने न्यूयॉर्कला निघाले होते, त्या दिवशी, म्हणजे ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याचे त्यांनी गाडीतल्या रेडिओवर ऐकले. चित्रीकरण त्याआधीच पूर्ण झालेले असल्याने शेवटाचा त्या घटनेशी निर्मितीच्या अंगाने संबंध नाही, पण प्रेक्षकांच्या अंगाने तो अतूट झाला. ज्यांनी १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये निदर्शकांवर सोडलेले पोलिसांचे कुत्रे बातम्यांत पाहिले होते, त्यांना कुत्रे आणि बंदुका घेऊन शेतांतून सरकणाऱ्या गोऱ्या माणसांची रांग काय वाटली असेल हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आणि अखेरची स्थिर छायाचित्रे अमेरिकेच्या दक्षिणेत जमावाने केलेल्या हत्यांच्या छायाचित्रांची आठवण करून देतात, हे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वृत्तपत्रांनी जवळजवळ टिपल्याच नाहीत, आणि ही उणीव अमेरिकी चित्रपटसमीक्षेच्या माथी आहे. तथापि वितरकाचे वर्तन बोलके आहे : १९६९ मध्ये त्याने हा चित्रपट पुन्हा बाजारात आणला तो गुलामगिरीवरील ‘स्लेव्ह्ज’ या चित्रपटाच्या जोडीने, एका तिकिटात दोन अशा पद्धतीने. मुलांच्या मॅटिनीत विकलेला माल वर्षभराने वर्णसंघर्षाचा चित्रपट म्हणून विकता येतो, हे तिकीटखिडकीला समीक्षकांच्या आधी समजले होते.

तिसरे वळण मध्यरात्रीचे. १९७० च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा चित्रपट दाखवला, आणि युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, त्याच्याकडे राजकीय कलाकृती म्हणून पाहिले जाऊ लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात अलेहांद्रो होदोरोव्स्की यांचा ‘एल तोपो’ मध्यरात्री दाखवण्यास सुरुवात झाली होती, आणि नेहमीच्या खेळांनंतर, जाहिरातीशिवाय, केवळ तोंडोतोंडी प्रसिद्धीवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या चित्रपटाचा एक नवा रिवाज रूढ होत होता. १९७१ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधील वेव्हर्ली थिएटरने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ला मध्यरात्रीची वेळ दिली, आणि देशभरातील विद्यापीठांच्या गावांतही तो याच वेळी चालू लागला. मॅटिनीतली मुले बाहेरून आणून बसवलेली होती. मध्यरात्रीचे विद्यार्थी मात्र आधी पाहिलेल्यांकडून ऐकून, पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्यांदा, स्वतःच्या निवडीने येत. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक आता मदतपथकाकडे पहिल्यापासून संशयाने पाहत होता. मधल्या काळात व्हिएतनाममधील माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी केलेले हत्याकांड नोव्हेंबर १९६९ मध्ये उघडकीस आले होते, आणि ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले होते. बंदूकधारी वाचवायला येतात की मारायला, हा प्रश्न या पिढीला चित्रपटाने शिकवलेला नव्हता. तो घेऊनच ती थिएटरात आली होती, आणि पडद्यावर तिला त्याचे उत्तर आयते मिळाले.

या दीर्घायुष्यामागे एक कायदेशीर चूकही होती. चित्रपटाचे आधीचे नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असे होते, आणि त्या नावाच्या पाटीवरच स्वामित्वहक्काची सूचना होती. वितरकाने नाव बदलताना नव्या पाटीवर ती सूचना घालायची राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार सूचनेविना प्रदर्शित झालेली कृती सार्वजनिक मालकीची होत असे. परिणामी कोणत्याही थिएटराने, दूरचित्रवाणी केंद्राने आणि पुढे कॅसेट विक्रेत्याने परवानगी न घेता, मोबदला न देता हा चित्रपट दाखवावा किंवा विकावा अशी स्थिती निर्माण झाली. ज्यांनी ६०० डॉलर घालून सुरुवात केली होती त्यांच्यावर हा घोर अन्यायच झाला. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र यामुळे अशी पिढी तयार झाली जिने हा चित्रपट थिएटरात कधीच पाहिला नाही. तिची भेट रात्री उशिरा, घरी, झिजलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या चित्राशी झाली. १९८६ साली तर त्याची रंगीत केलेली आवृत्तीही निघाली.

झिजलेल्या प्रतींचा एक परिणाम समीक्षेवरही दिसतो. चित्रपट बातमीपटासारखा दिसतो, त्याची रया गेलेली, दाणेदार प्रतिमाच भीती वाढवते, असे अनेकांनी लिहिले आहे. हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये आणि मध्येच येणाऱ्या दूरचित्रवाणीच्या बातम्या यांमुळे त्यात तथ्य आहे, परंतु नंतरच्या दशकांतील प्रेक्षकांना जो खरखरीतपणा जाणवत होता त्यातला बराचसा प्रतींच्या प्रतींमधून साचलेला होता. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला, आणि २०१६ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट व फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून त्याचे पुनरुज्जीवन पूर्ण केले, ज्याच्या देखरेखीत रोमेरो आणि त्यांचे पिट्सबर्गचे जुने सहकारी सहभागी होते. त्या आवृत्तीत सावल्या गडद आणि रेखीव आहेत, चेहऱ्यांवरचा प्रकाश विचारपूर्वक योजलेला दिसतो, आणि जाहिरातपटांतून तयार झालेल्या माणसांचे कसब प्रत्येक चौकटीत कळून येते. शिकागोच्या मॅटिनीतल्या मुलांपुढे जे चित्र आले ते पहिल्या प्रतींवरचे होते, म्हणजे कॅसेटवरच्या पिढीला दिसलेल्या चित्रापेक्षा पुष्कळ स्वच्छ. तेव्हा त्यांना घाबरवणारी वस्तू चित्राचा ओबडधोबडपणा होती, हे सोपे स्पष्टीकरण आता टिकत नाही, आणि १९६८ च्या प्रेक्षकांचा अभ्यास याच पुनरुज्जीवित आवृत्तीच्या आधाराने नव्याने व्हायला हवा.